जोडघराची ओसरी

त्या मार्च महिन्यात सगळा जिल्हा एकमेकांच्या आवाजाकडे कान लावून बसला होता. साथ घोगऱ्या तापाची होती; त्यात ताप नंतर यायचा, आधी आवाज बसायचा. सकाळी चहा मागताना माणसाच्या गळ्यातून दुसऱ्याच कुणाचा खरखरीत सूर निघायचा, आणि घरातली माणसं हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायची. मग ताप चढायचा, स्वरयंत्राला आतून सूज यायची आणि श्वास अडायला लागायचा. रोग हवेतून पसरत होता. त्यावर औषध नव्हतं. माणसाला वेगळं ठेवायचं आणि श्वास चालू राहील एवढं बघायचं, इतकंच हातात होतं.

म्हणून कोयना धरणाच्या फुगवट्यावरून लाँच देवघळकडे निघाली, तेव्हा शाल्मली तांबटनं धाकट्या बहिणीला फोन लावला आणि ती काय बोलते याआधी कशी बोलते तेच ऐकलं. वरदाचा आवाज स्वच्छ होता. चिडलेला, घाईतला, पण स्वच्छ.

वरदा देवघळच्या जोडघरातली, म्हणजे साथीपुरत्या उभारलेल्या दवाखान्यातली, डॉक्टर होती. तिनं सांगितलं ते असं, की सकाळी डब्याच्या वेळी विलगीकरणातले तीन रुग्ण पळाले. भिंतीचं एक पॅनेल त्यांनी आतून उचकटलं आणि खाली पाण्याकडे धावले. ती आडवी गेली तेव्हा झटापटीत एका बाईनं तिच्या तोंडावरचा मास्क ओढून काढला. ती बाई तिच्या तोंडावरच खोकली होती.

"मी वरच्या तंबूत एकटी राहतेय," वरदा म्हणाली. "लागण झाली असेल तर तीनचार दिवसांत कळेल. तू ये, पण माझ्याजवळ येऊ नकोस."

शाल्मलीनं फोन ठेवला आणि समोरच्या लालसर काठाकडे पाहत राहिली. पाणी बरंच खाली गेलं होतं. वर चढणीवर पांढऱ्या रंगाचं, ठोकळ्यांचं जोडघर दिसत होतं. ते तिनंच घडवलेलं होतं, आणि त्याची भिंत फुटल्याचा निरोप सकाळी मिळताच ती पुण्याहून निघाली होती.

ती पुण्यातल्या एका संस्थेत वस्तूंची रचना करायची. खुर्च्या, मिक्सर, सलाइनचे स्टँड करता करता ती दवाखान्याच्या खोलीकडे वळली. तिचं म्हणणं साधं होतं. दवाखाना ही इमारत आहे असं मानलं की ती बांधायला वर्षं जातात. ती वस्तू आहे असं मानलं, की ती कारखान्यात बनवता येते, उचलून नेता येते, मोडून पुन्हा घडवता येते. कंटेनरएवढं छपाईयंत्र बार्जवरून काठाला आणायचं. बांबूचा तंतू आणि मक्यापासून केलेलं प्लास्टिक यांचा लगदा त्यात भरायचा. यंत्राच्या सोंडेतून जिलबी घालावी तसे थरावर थर पडत जायचे आणि दारापेक्षा थोडं मोठं एक पॅनेल तयार व्हायचं, दोन बायकांनी सहज उचलावं असं. कडेच्या खाचा एकमेकींत बसवून किल्ली फिरवली की भिंत उभी राहायची.

ही पॅनेलं आतून भरीव नव्हती. हाडाच्या आत असते तशी बारीक नळ्यांची जाळी त्यांच्या पोटात होती. छपराचा पंखा त्या नळ्यांतून खोलीतली हवा ओढून घ्यायचा, त्यामुळे आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहायचा. अशा खोलीला फट पडली तर बाहेरची हवा आत शिरते, आतली बाहेर जात नाही. रुग्णाच्या श्वासातले विषाणू नळ्यांतून जाता जाता तांब्याच्या मुलाम्यावर आणि पुढच्या गाळणीत मरायचे. तांब्याची कल्पना घरातलीच होती. तिचे वडील, अण्णा, तांबट आळीत भांडी घडवत, आणि पिण्याचं पाणी तांब्यातच ठेवायचं हा त्यांचा आग्रह तिनं भिंतीत नेऊन बसवला होता.

कुठे किती खोल्या आणि कशा, हे मात्र माणूस ठरवत नसे. त्यासाठी 'मांडणी' नावाची संगणकप्रणाली होती. जमिनीचा उतार, वारा, रोगाची गती, शिल्लक लगदा, सगळं बघून ती आराखडा द्यायची आणि प्रत्येक साथीतून शिकायची. साथ सरली की भिंती कडक वाफेत शुद्ध करून दळायच्या आणि पुढच्या गावात नव्यानं छापायच्या. पाचसहा वर्षांत डोंगरातले कायमचे दवाखाने बांधणं थांबलंच. आजार जाईल तिथे दवाखाना जाऊ लागला. फक्त लोकांना त्याची ओळख व्हायच्या आत तो उठून गेलेला असायचा.

शाल्मलीच्या पहिल्या आराखड्यात पुढे एक ओसरी होती, रुग्णाबरोबर आलेल्या माणसांना बसायला. ती वरदानंच काढायला लावली. आधीच्या साथीत तिनं सतरंज्यांवर माणसं झोपवली होती, आणि त्यातली काही तिच्यासमोर गेली होती. बसायची जागा नको ताई, झोपायची दे, असं ती म्हणाली होती. शाल्मलीला पटलं. ओसरीच्या जागी चार खाटा आल्या, मांडणी त्यातून शिकली आणि पुढच्या जोडघरांमधून नातेवाइकांची जागा हळूहळू नाहीशी झाली. त्यांच्यासाठी फाटकाशी एक पडदा असायचा. आतला रुग्ण त्यावर दिसायचा, बोलायचा.

लाँच काठाला लागली. चालवणाऱ्यानं, रखमाजी शेलारनं, इंजिन बंद केलं पण तो जागचा उठला नाही. साठीकडे झुकलेला, गप्प माणूस. 

"म्याडम," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टरीणबाईंचा मास्क ओढला ती बाई माझी. सगुणा. सकाळी मीच तिला घरला सोडली."

शाल्मलीला राग आला, पण तो वयस्क माणूस तिच्याकडे बघतही नव्हता. तिनं विचारलं, घरी घेऊन जाल का मला. त्यानं मान डोलावली.

जाण्याआधी ती वर जाऊन बहिणीला भेटली, म्हणजे तंबूपासून दहा पावलांवर उभी राहिली. वरदा बाहेर खुर्चीवर बसली होती. वाळली होती आणि हसायचा प्रयत्न करत होती. दोघी काहीबाही बोलल्या. प्रत्येक वाक्याला शाल्मली कान टवकारत होती आणि वरदाला ते कळत होतं. शेवटी वरदाच म्हणाली, "अजून नाही बसला. बसला की सांगेन."

छपाईयंत्र सांभाळणारी यास्मिन मुजावर शाल्मलीला आत घेऊन गेली. दोन सामायिक खोल्या भरलेल्या होत्या. टोकाची प्राणखोली रिकामी होती. प्रत्येक जोडघरात ही एकच असायची. घोगऱ्या तापात सुजलेल्या घशातून नळी घालणं जिवावर बेतायचं, म्हणून या खोलीत हवेतच प्राणवायू वाढवलेला असायचा. रुग्णानं नुसतं पडून श्वास घ्यायचा. त्यासाठी खोली अगदी हवाबंद लागायची, आणि नर्सला सतत आत न शिरता लक्ष ठेवता यावं म्हणून तिची एक अख्खी भिंत जाड पारदर्शक तावदानांची होती. ती तावदानं छापता येत नसत, कारखान्यातून यायची. दारावरच्या छोट्या पाटीवर मांडणीनं ओळ उमटवली होती: संपर्कातील डॉक्टरसाठी राखीव.

ते वाचून शाल्मलीला हायसं वाटलं. तेवढ्यापुरतं.

शेलारांची वाडी लाँचनं थोड्या अंतरावर होती. नाचणीच्या रिकाम्या शेतांमधून वर चढताना शाल्मलीच्या लक्षात आलं, की दारं बंद आहेत. मार्चच्या उकाड्यात, भर दुपारी. एका घरातून खोकला ऐकू आला, दाबलेला, तोंडात पदर कोंबून खोकावा तसा. पुढच्या घरातही. पळालेले तिघं होते, पण इथले किती जण दवाखान्यात गेलेच नव्हते, कुणाला ठाऊक. तिनं मास्कची दोरी पुन्हा आवळली.

सगुणा खिडकीच्या गजांमागे बसली होती. आवाज पार बसलेला होता, एकेका शब्दाला दम लागत होता. डॉक्टरीणबाई कशा आहेत, हे तिनं पहिल्यांदा विचारलं. मग पळण्याचं कारण सांगितलं. बबन कदम वारला त्या दिवशी त्याच्या घरच्यांना पडद्यावर तो हात हलवताना दिसला होता, जेवलो म्हणाला होता. घरची माणसं समाधानानं परतली, आणि वाडीत पोचतात तो फोन आला, की तो गेला. मग वाडीनं ठरवलं, की तो आधीच मेलेला होता आणि मेलेल्या माणसाला पडद्यावर हलवलं.

शाल्मलीनं समजावलं, की चित्र खरं होतं. आजार असाच आहे, तासाभरात पालटतो. सगुणानं ऐकून घेतलं.

"बाई, माझी आई जाऊन चार वर्सं झाली," ती म्हणाली. "दिवाळीला पोरानं फोनवर बोलती केली तिला. सगुणे, फराळ झाला का, म्हणाली. आवाज तिचाच, हसनं बी तिचंच. मग पडद्यावरचं काय खरं मानायचं मानसानं?"

 हे सगळ्यांच्याच घरात चाललं होतं. पुण्यातही गेलेल्यांचे वाढदिवस फोनवर साजरे होत होते. पडदा कुणाचंही काहीही दाखवू शकतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त मांडणीच्या हिशेबात ते आलं नव्हतं.

"मग कशानं परत याल?"

"माझ्या मानसानं मला डोळ्यांनी बघाय पायजे. मधी भिंत ठिवा, काय बी ठिवा. पन म्या आत जित्ती हाय का न्हाई, ते त्याला तिथं बसून दिसाय पायजे." ती दम खाऊन पुढे म्हणाली, "मी आले तर वाडी येईल. न्हाईतर कुनी येनार न्हाई."

परत आल्यावर शाल्मलीनं मांडणीपुढे बसून एक ओसरी मागितली आणि सामायिक खोलीच्या पुढच्या भिंतीत एक लांब, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरचं तावदान. मांडणीनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. ओसरी शक्य आहे. तावदानं प्राणखोलीचीच वापरावी लागतील. ती काढल्यास प्राणखोली निकामी होईल. पुढचा गंभीर रुग्ण संपर्कातील डॉक्टर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. शिफारस: करू नये.

पुढचे दोन दिवस खटपटीत गेले. नवीन तावदानं जिल्ह्यात कुठेच नव्हती, सगळीकडे साथ होती. लगदाही तळाला गेला होता. प्लास्टिकचा कागद ताणून पाहिला. पंखा सुरू होताच तो आत ओढला जाऊन टरकला. यास्मिननं यंत्रातून एक पारदर्शक फळी छापून बघितली. ती धुक्यासारखी निघाली. पलीकडचा माणूस नुसता डाग दिसत होता. घासून घासून स्वच्छ होईल मॅडम, पण दिवस जातील, असं ती म्हणाली. दोघींची नजर एकाच वेळी टोकाच्या खोलीकडे गेली. तो विषय दोघींनीही काढला नाही.

तो वरदानंच काढला. यास्मिननं तिला सांगितलं होतं की तिला आपोआप समजलं, हे शाल्मलीनं नंतरही विचारलं नाही. तंबूसमोर दहा पावलांवर ती उभी होती आणि वरदा म्हणत होती, "ताई, प्राणखोली मोड."

शाल्मली नाही म्हणाली. वरदानं हिशेब मांडला. वाडीत लपलेले रुग्ण घरातल्यांना आजारी करत होते, त्यातली पोरं शाळेत गेली होती, बाजारला गेली होती. एक खोली एका माणसाला कदाचित वाचवेल. पण माणसं आतच आली नाहीत तर पूर्ण जोडघर नुसतं डोंगरावर उभं राहील.

"ती ओसरी मीच काढायला लावली होती," वरदा म्हणाली. "मला तेव्हा खाटा दिसत होत्या. चूक नव्हती ती. पण आता डॉक्टर म्हणून सांगतेय, परत लाव."

"मी बहीण म्हणून नकार देतेय."

"मग बहिणीला विचारू नकोस. रचना करणारी तू आहेस, तिला विचार."

शाल्मली तिथून निघून काठापर्यंत गेली. मांडणीची शिफारस डावलायला तिच्या बोटाचा ठसा लागायचा, दुसऱ्या कुणाचा चालत नसे. आपण पुण्यातच राहिलो असतो तर, असं तिच्या मनात आलं. मग पडद्यावर एक शिफारस आली असती, आणि तिनं ती मान्य केली असती, आणि रात्रीचं जेवण जेवली असती.  वर आली तेव्हा तिनं यास्मिनला फक्त किल्ल्या आणायला सांगितल्या.

प्राणखोली मोडायला फार वेळ लागला नाही, आणि तेच शाल्मलीला सहन झालं नाही. तिनं ती तशीच तर घडवली होती, पटकन मोडता यावी म्हणून. तावदानं खाचांतून सुटली, दोघींनी ती एकेक करून पुढच्या भिंतीशी नेली. रखमाजी वाडीतल्या दोघांना घेऊन आला होता. त्यांनी बाहेर सपाटी केली, बांबूचे खांब रोवले, वर उरलेली पॅनेलं टाकली. आतल्या रुग्णांना मागच्या खोलीत सरकवून तावदानं बसवली आणि पंखा सुरू केला.

आता हवा कुठे जाते ते बघायचं होतं. यास्मिननं उदबत्ती पेटवली आणि बाहेरून प्रत्येक सांध्याजवळ धरली. धूर आत ओढला गेला तर सांधा चांगला, पाठीमागे उडाला तर खोलीतली हवा बाहेर येते आहे. वरदा तंबूतून वॉकीटॉकीवर ऐकत होती, विचारत होती. डावी कड ठीक. वरची ठीक. खालच्या उजव्या कोपऱ्याशी धूर थांबला, घोटाळला आणि यास्मिनच्या चेहऱ्यावर आला.

ती झटकन मागे सरली. तावदानं दुसऱ्या भिंतीसाठी केलेली होती. एका कोपऱ्यात केसभर फट राहिली होती, आणि छताच्या झरोक्यातून आत येणाऱ्या ताज्या हवेचा झोत नेमका तिच्यावर आदळून हवा बाहेर ढकलत होता. शाल्मलीनं फटीचं माप घेतलं, यंत्रात उरलेला सगळा लगदा खरवडून एक वाकडी पट्टी छापायला लावली. यंत्र घरघरत राहिलं. पट्टी कोमट असतानाच तिनं ती अंगठ्यानं खाचेत दाबली, किल्ली फिरवली, आणि यास्मिननं पुन्हा उदबत्ती धरली.

धूर हलला नाही. मग बारीक धाग्यासारखा सरळ आत गेला.

"गेला का आत?" वॉकीटॉकीवरून वरदानं विचारलं.

यास्मिननं वर पाहिलं. शाल्मलीचा अंगठा अजून पट्टीवर होता. विचारणारा आवाज खरखरीत होता, खालच्या पट्टीत गेलेला, जणू वरदा झोपेतून उठून बोलत होती.

"गेला," शाल्मली म्हणाली. तिनं वॉकीटॉकी यास्मिनच्या हातात दिली आणि पट्टीवरचा अंगठा उचलला.

सगुणा त्याच संध्याकाळी आली. रखमाजीनं तिला लाँचमधून आणली, ती आत गेली, तावदानाजवळच्या खाटेवर बसली आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याकडे बघून तिनं पदर सारखा केला.  तो ओसरीच्या कडेला पाय सोडून बसला तो बसूनच राहिला. दुसऱ्या दिवशी वाडीतून आणखी माणसं उतरली, आजारी आणि त्यांची घरची. पळालेल्यांपैकी उरलेले दोघंही त्यांत होते. वरदा स्वतः चालत आत गेली आणि सगुणाशेजारच्या खाटेवर पडली.

खोली भरली. ओसरीही भरली. माणसं आलटूनपालटून तावदानासमोर बसत, भाकरी खात, आतल्यांना खुणा करत. नर्सनं शाल्मलीला सांगितलं, की मास्क काढून टाकणारे, सुई टोचून न घेणारे रुग्ण आता बाहेर बघतात आणि मुकाट्यानं हात पुढे करतात.

मग वामन सपकाळ गेला. तो पळालेल्यांपैकी एक होता, पन्नाशीचा. ओसरीवर बसलेल्या त्याच्या मुलानं, दत्तूनं, सगळं पाहिलं: वरदाच्या जागी आलेल्या डॉक्टरांची धावपळ, मास्क, छाती दाबणं, शेवटी पांढरी चादर.  शाल्मलीला वाटलं, आता ही माणसं उठतील आणि भिंत उचकटतील. थोड्या वेळानं दत्तू तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"इथं एक खोली होती म्हणत्यात. ती मोडून हे केलं," तो म्हणाला. "ती असती तर आमचा म्हातारा वाचला असता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही," शाल्मली म्हणाली. "कदाचित वाचले असते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तावदानाकडे. आत नर्स वामनच्या चेहऱ्यावरची चादर थोडी खाली करत होती, म्हणजे मुलाला तो दिसावा. दत्तू निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या बायकोला घेऊन आला. तिचा आवाज सकाळी बसला होता.

वरदाची अवस्था त्यानंतर बिघडली. श्वास घेताना तिच्या गळ्याशी खड्डा पडू लागला. मास्कमधून देता येईल तेवढा प्राणवायू चालू होता, त्याहून जास्त देता येत नव्हता. शाल्मली तावदानाला चिकटून उभी होती. तिच्या हातातल्या संगणकपाटीवर मांडणीनं न विचारता पर्याय मांडला: ओसरीची तावदानं काढून प्राणखोली पुन्हा उभारता येईल. ठसा द्या.

तिनं मागे वळून बघितलं नाही, तरी मागे किती माणसं बसली आहेत हे तिला जाणवत होतं. बोट पाटीपासून वीतभर लांब होतं. भिंत उघडायची म्हणजे आतले सगळे पुन्हा मागच्या खोलीत कोंबायचे. सांधा निघायचा, हवा निसटायची. दत्तूची बायको कालच आत आली होती. वाडीत अजून दोन घरं बंद होती.

रखमाजी शेजारी येऊन उभा राहिला. काच काढायची असेल तर काढा, असं तो हळू आवाजात म्हणाला; सगुणीला मी बघितलंय, ती आता पळायची नाही. त्याच्या मागे दत्तू बसला होता. त्यानं तावदानावरची नजर काढली नाही.

शाल्मलीनं पाटी बंद केली आणि यास्मिनकडे दिली. माझ्याकडे परत देऊ नका, एवढंच ती म्हणाली. मग ती खाली बसली, इतर बसले होते तशी, आणि आत बघत राहिली. नर्सनं वरदाला पालथं केलं. सगुणा आपल्या खाटेवरून हात लांब करून वरदाची पाठ चोळत होती, एकसारखी, दमून थांबत, पुन्हा चोळत.

वरदा वाचली. कशानं वाचली ते कुणाला नीट सांगता आलं नाही. पालथं ठेवल्यानं, वयानं, की सूज आपल्या वेळेला उतरायची ती उतरली. पुण्याहून चौकशीला आलेल्या समितीनं शाल्मलीला वामन सपकाळबद्दल बराच वेळ विचारलं आणि तिनं दत्तूला दिलेलं उत्तरच त्यांना दिलं. निर्णय अजून व्हायचा होता. देवघळची साथ मात्र ओसरली होती. बंद दारं उघडली होती.

वरदाला आणखी काही दिवस आतच राहायचं होतं. बोलायची परवानगी मिळाली तेव्हा तिनं पहिला फोन अण्णांना केला. अण्णा, मी वरू, बरी आहे, एवढं ती म्हणाली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. सूज उतरली तरी वरदाचा आवाज परत आलेला नव्हता. तो जाडा, तुटका, कुणा परक्या बाईचा वाटत होता, आणि डॉक्टरांच्या मते तो तसाच राहणार होता.

मग अण्णांनी शाल्मलीला फोन केला. वरूच्या नावानं कुणीतरी बोलतंय, असं ते म्हणाले. तिचं काही बरंवाईट झालं असेल तर सरळ सांग. शाल्मलीनं शपथ घेतली. फोन फिरवून तावदानापलीकडची वरदा दाखवली. 

"हे सगळं करता येतं, पोरी," अण्णा म्हणाले. "तू बोलतेयस ते तरी तूच कशावरून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमाजीच्या लाँचमधून ते उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन, दत्तूच्या खांद्यावर हात ठेवून चढण चढले. शाल्मलीनं पुढे होऊन त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी तिचा हात दाबून पाहिला, मग सोडला. त्यांना ओसरीवर जागा करून दिली गेली.

तावदानापलीकडे वरदा खाटेवर उठून बसली होती. तिनं हात वर केला. अण्णा बघत राहिले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि पुढे झुकले, कपाळ जवळजवळ काचेला लागेपर्यंत.

"बारीक झालीय," ते शाल्मलीला म्हणाले. "जेवते ना नीट?"